डाव्या हातातली घंटा

जवळा बाजार

प्रिय दादा,

नमस्कार. प्रियंकाला सासरच्यांनी लेकरासह परत पाठवलं, आणि तुझी पोरगी बापाचं दार ओलांडून चुलत्याच्या दारात उतरली, हे तुला कळलंच असेल. तिच्या जाईच्या डाव्या मनगटावर फडक्याचा वळ आहे. डावा हात उजव्याची नक्कल करतो, म्हणून दिवाळीत तू बांधला होतास म्हणे.

आपल्या महादेवाच्या देवळात बाबांनी मला पहिल्यांदा आरतीला उभं केलं, ते आठवतं? उजव्या हाताने निरांजन ओवाळायचं, डाव्याने घंटा वाजवायची. माझी घंटाही निरांजनासारखी गोल फिरू लागली. लोक हसले. "काहून देवाची चेष्टा करून राहिला?" म्हणत बाबांनी घंटा काढून तुझ्या हातात दिली. ती तुझ्याकडेच राहिली. मी देवावर रुसलो नाही. पायरीवरूनच हात जोडत आलो. ते मात्र दोन्ही बराबर जुळतात.

काल नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ ओढून समजावलं. लेकरू पोटात असताना मेंदूतले धागे मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात. रेघेपाशी त्यांना बोलावणारं काहीतरी असतं. ओलांडली की दुसरं काहीतरी त्यांना मागे वळू देत नाही. जाईच्या काही धाग्यांना ती हाक नीट पोचली नाही. म्हणून एका हाताला दिलेला हुकूम दोन्ही हात ऐकतात. ग्रहणाशी याचा काही संबंध नाही.

आणि तू व्याह्यांपुढे काय बोललास? "आमच्या घरात असं कुनालाच न्हाई. पोरीनं ग्रहणात भाजी चिरली असंल." दादा, मीही त्याच घरात जन्मलो. पोरीला दोषी ठरवायला तू मला घरातूनच पुसून टाकलंस.

घरात आणखी कुणाला आहे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी माझे हात पुढे केले. त्या म्हणाल्या, प्रियंकाच्या चुलत्याला आणि तिच्या लेकीला आहे, म्हणजे हे बहुधा प्रियंकाच्या वडिलांकडून आलं. काहींच्या हातात दिसत नाही, पण रक्तातून पुढे जातं. सोमवारी मी प्रियंकाला घेऊन तिच्या सासरी जातोय. तू आलास तर हे तू सांग. नाही आलास तर मी सांगेन, तुझं नाव घेऊन. त्यासाठीच हे पत्र. येताना ती घंटा आण. आजोबा एकाच हाताने कशी वाजवतात, असं जाई विचारत होती.

अजूनही तुझाच धाकटा,
जळबा