माफ केल्याची बातमी

मंगळवार

"अंधार हा उजेडाचा थोरला भाऊ असतो, असं माझी आजी म्हणायची." हे मी कधी म्हटलं गं? कुणाला म्हटलं? अंधार झाला की "दिवा लाव, नाहीतर धडपडशील" एवढंच मी जन्मभर म्हणत आले. आणि 'म्हणायची' म्हणजे काय? मेले का मी? परवा खालच्या मजल्यावरची शिंपीण फोनवर तुझा कार्यक्रम लावून बसली होती. मला बघून डोळे पुसत म्हणाली, "आजी, तुमचे विचार किती मोठे हो!" मी म्हटलं, "बाई, आधी या उशीच्या अभ्र्याला शिवण घाल, विचारांचं मग बघू." माझ्या नावावर असलं काहीबाही खपवणं बंद कर.

तर चि. ठमीस, आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू बरी असशीलच. तुझा आवाज तरी चांगला खणखणीत येतो.

पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. द्यायला कां कूं करत होती, पण मीही चिकट आहे. फोन केला नाही, कारण फोनवर आपलं भांडण होणार, आणि ते भांडणसुद्धा तू कुठेतरी माइकपुढे बसून सांगणार. हे पत्र तिथे वाचून दाखवलंस तर याद राख. मी चौथी नापास आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तू पोहायला शिकवायचीस तेव्हा तुझं मला कौतुक होतं. पोरं पाण्याला भ्यायची नि तू त्यांना तरंगवायचीस. मग कुणा मैत्रिणीने तुला तिच्या पॉडकास्टवर बोलावलं, तू घरातली ती गोष्ट सांगितलीस, आणि लोक वेडे झाले. आता म्हणे तुझी तारीख मिळत नाही. आज या माइकपुढे, उद्या त्या माइकपुढे. मी सगळे भाग ऐकले आहेत. शिंपीण लावून देते. पहिल्या खेपेला मला घास गिळवला नाही, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या खेपेलाही तसंच. पण पुढे पुढे माझ्या लक्षात यायला लागलं. अगं, तुला रडूसुद्धा त्याच ठिकाणी येतं! "माझे वडील किल्ल्या बनवतात. अख्ख्या गावाची कुलपं उघडणाऱ्या माणसाने आपल्या बायकोला आणि मुलीला दाराबाहेर ठेवून आतून कडी लावली." इथे तू थांबतेस. समोरचा नाक ओढतो. मग तू पाणी पितेस. ग्लास ठेवल्याचा आवाज येतो बघ, अगदी ठरल्यासारखा.

गोष्ट खरी आहे. ती खोटी आहे असं मी कुणालाही म्हणणार नाही. दारू प्यायचा, हात उचलायचा, कडी लावायचा. तुझी आई तुला घेऊन निघून गेली ते तिने शहाणपणाचं केलं, आणि हे मी तेव्हाही तिला जिन्यात उभी राहून सांगितलं होतं. माझा मुलगा आहे म्हणून त्याला धुऊन पुसून तुझ्यापुढे ठेवायला मी हे लिहीत नाही. आता पीत नाही, त्याला बरीच वर्षं झाली. पण त्याचंही कौतुक नको. आग लावणाऱ्याने पुढे काडी ओढली नाही, यात कसला पराक्रम?

माझं भांडण तू पाणी पिऊन पुढे जे वाक्य म्हणतेस त्याच्याशी आहे. "आज मी त्यांना मनापासून माफ केलंय. आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो."

कोण बोलतं गं? कुठला रविवार?

ज्याला माफ केलंस त्याला ही बातमी कशी कळली सांगू? एक बाई त्याच्या टपरीवर कपाटाची किल्ली करून घ्यायला आली होती. किल्ली होईपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, काहीतरी बोलत असतं. ही म्हणाली, "ती मुलगी तुमचीच ना? किती मोठ्या मनाची हो! तुमच्यासारख्याला माफ केलं." याच्या हातातली किल्ली वाकडी घासली गेली. घरी येऊन मला म्हणाला, "आई, तिने माफ केलंय म्हणे." मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तर म्हणाला, "गिऱ्हाइकाने."

मला वाटलं, आता हा चिडेल. निदान म्हणेल की पोरगी खोटं बोलते. तेवढंही नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर जो येईल तो विचारायला लागला, "काय म्हणते मुलगी? रविवारी काय बोलणं झालं?" आणि हा मूर्ख उत्तरं द्यायला लागला! "ठीक आहे. थोडी सर्दी झाली होती. नवीन घर बघतेय." हे सगळं तुझ्या कार्यक्रमातूनच उचललेलं. तू तिकडे सांगतेस, तो ऐकतो, आणि तुझ्याशीच बोलणं झाल्यासारखं गावाला सांगतो. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. आता रविवारी दाढी करतो, धुतलेला शर्ट घालतो, आणि जिन्याच्या पायरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसतो. कुणालाच न लावलेला फोन कानाला. "हां. हां बाळा. जेवलो." मध्ये थांबतो, मान हलवतो. एकदा तर हसलासुद्धा. तू म्हणे काहीतरी विनोद केलास.

मी त्याला झापलं. म्हटलं, "लाज नाही वाटत? नाटकं कसली करतोस?"

"तिने सांगून टाकलंय ना सगळ्यांना. आता मी नाही म्हटलं तर तिला खोटारडी म्हणतील."

"मग म्हणू देत की! आहेच ती खोटारडी."

"नको आई. तिचं आत्ता कुठे बरं चाललंय."

ही अक्कल त्या कडीच्या वेळी कुठे गेली होती, हे मी त्याला विचारलं.

तू म्हणशील, आजी, एवढंच सांगायला एवढी पानं? नाही. एवढंच नाही. पण ते लिहायचं म्हटलं की पेन दुसरीकडेच जातं. शिंपिणीने नवीन मशीन घेतलं आहे. वरच्या मजल्यावरचा मास्तर तुझे भाग लावून बायकोला ऐकवतो आणि स्वतः मात्र तिच्यावर खेकसतो. बघ, पुन्हा भलतीकडेच गेले.

त्याच्या गळ्यात गाठ आहे. आवाज बसला होता, आम्हाला वाटलं थंडी असेल. थंडी नव्हती. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. आवाजाची पेटीच काढून टाकणार आहेत. जगेल, असं डॉक्टरीण म्हणते. बोलणार मात्र नाही. गळ्याला भोक ठेवतात, त्यातून श्वास घ्यायचा. पुढे एखादं यंत्र मिळेल म्हणे, गळ्याला लावून घरघर करायचं. पण हा आवाज, जो आहे तो, सोमवारी संपला.

डॉक्टरीण तशी चांगली आहे. त्याला म्हणाली, "कुणाशी काही बोलायचं राहिलं असेल तर या आठवड्यात बोलून घ्या." बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाशी बोलायचंय तुला?" म्हणाला, "कुणाशी बोलू?" आणि औषधं आणायला निघून गेला.

तुला कळवायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली आहे. मी शपथा मानत नाही. आमच्या मोरीची भिंत पातळ आहे. तो आंघोळीला गेला की मला ऐकू येतं. नळ सोडतो आणि म्हणतो, "ठमे, ऐक, मी बोलतोय." मग नुसतं पाणी. परत, "ठमे, ऐक, मी बोलतोय." त्याच्या पुढे गाडी जात नाही. आवाज फाटक्या पोत्यासारखा झाला आहे, पण शब्द कळतात. अजून कळतात.

आता नीट ऐक. माफ कर, असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. मला विचारशील तर तू त्याला माफ केलेलंच नाहीस. मी तुला लहानपणापासून ओळखते. तुझा राग जातो तेव्हा तुझी बडबड वाढते, आणि त्या वाक्याला तू अगदी मोजूनमापून बोलतेस. नसेल केलं तर नको करूस. कुणाच्या बापाची भीती आहे? पण मग फोन करून त्याला तसं सांग. शिव्या दे. गावभर वाटलेली माफी त्याच्या काय कामाची? तू त्याच्या तोंडावर चार शब्द फेकलेस तर आज तो त्यांना काहीतरी उत्तर देऊ शकतो. सोमवारनंतर तू त्याला बोललीस तर तो नुसता ऐकून घेईल. मुक्या माणसाला बोलणं म्हणजे बांधलेल्याला मारणं. मग त्याच्यात नि तुझ्यात फरक काय राहिला?

रविवारी फोन करू नकोस. तो पायरीवर बसलेला असेल, फोन कानाला लावून "हां बाळा" करत, आणि तेवढ्यात तो खरंच वाजला तर सगळ्या जिन्यादेखत त्याची अब्रू जाईल, आणि तुझीही. शनिवारी कर. दुपारी तो घरी असतो.

काय बोलायचं सुचलं नाही तर एवढंच विचार, की कडी का लावलीस. इतक्या लोकांनी तुला ते विचारलं, आणि तू दरवेळी काहीतरी छान छान सांगितलंस. त्याचं बालपण, त्याच्या जखमा, काय काय. त्याला मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. मला ऐकायचं नव्हतं.

फोन वाजला तर मी उचलणार नाही, शिंपिणीकडे जाऊन बसेन. तू विचार, आणि मग गप्प राहा. त्याला शब्द सापडले नाहीत तरी आपले घालू नकोस. या एका प्रश्नाचं उत्तर तू द्यायचं नाहीस, मी द्यायचं नाही. त्यानेच द्यायचं, तोंडाने.

त्याची आई