मोहाखालची आग

धनवंताच्या बाबांना सालेकस्याहून रामराम.

तुमची लेक, जावई, आम्ही सारे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? माझ्या मागं चहात साखर वाढवू नका, मले इथूनही दिसते. फोनवर बोललं की सारं घर ऐकते, म्हणून नात टीनाकडून हे लिहून घेऊन राहिले.

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून जावयानं झाडाखालचा पालापाचोळा पेटवला. वारा सुटला अन् आग जंगलात शिरली. आळ आला शेजारच्या बकारामवर, त्याचं झाड बाजूलाच आहे ना. सोमवारी जंगल खात्याचे साहेब बयान घ्यायला येणार आहेत. काडी कोणी लावली, ते मी पाहिलं.

धनवंता म्हणते, "आई, साहेबाले सांगजो, मले नीट दिसत नाही." मी म्हटलं, "भातातला खडा दिसते, अन् एवढा मोठा जावई दिसत नाही?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मी काही फार सत्यवादी नाही. तुमच्या हातची भाजी चांगली, असं चाळीस वर्षं सांगतच आले. पण आपली आग दुसऱ्याच्या माथी मारणं माझ्याच्यानं होत नाही. मी खरं सांगणार. मंगळवारी मले न्यायला या. जावई घरात ठेवते की नाही, ठाऊक नाही.

इथं टीनानं पेन खाली ठेवला. बाप आहे तिचा. मी म्हटलं, "राहू दे बाई, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईन." तिनं डोळे पुसले अन् पेन उचलला.

अक्षर तुमच्या नातीचं, अंगठा माझा.