मान टाकलेली ओळ कोणाची

मी, द्वारकाबाई सोनू म्हात्रे, वय ऐंशीच्या मागेपुढे, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र तोंडी सांगते आहे. मला अक्षर येत नाही. लिहिते आहे शेजारच्या फर्डिनंडची मुलगी, वकील ब्रिटनी. मी शुद्धीवर आहे, मला कोणाचा धाक नाही. गोंधळलेली आहे, पण ती वेगळी गोष्ट. याआधी कोणाला काही कबूल केलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा जयवंत आणि मुलगी सुहासिनी यांना समान. बांगड्या सून सुनंदाला. ती माझ्या चहाला फुळकवणी म्हणते, तरी तिलाच.

२. बँकेतली शिल्लक आधी माझ्या दिवसकार्याला, उरेल ती दोघांना. जेवणात वांगं नको.

३. रोपांना पाणी घालायची तांब्याची झारी फर्डिनंड "उद्या आणतो" म्हणून घेऊन गेला. ती त्यालाच बहाल. ब्रिटनी, मान खाली घालू नको, लिही.

४. आता पपईच्या रोपांची नर्सरी: मांडव, गांडूळखताचा हौद, बियाण्याचं झाड आणि त्याखालची जमीन. माझं इथेच अडतं.

होळीनंतर मी दोघांना एकाच फळाचं बी दिलं. राखेत चोळून बुळबुळीत पापुद्रा काढलेलं, सावलीत सुकवलेलं. माती, शेणखत, निंबोळी पेंड मीच चाळून कालवली. जयवंतने विरारहून, सुहासिनीने तुळिंजहून यायचं आणि आपापल्या ओळीतल्या रोपांच्या पिशव्या सांभाळायच्या. ज्याची रोपं धट्टीकट्टी होतील, नर्सरी त्याची.

मग मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. इकडे वाऱ्याने मांडवावरची हिरवी जाळी फाटली, म्हणून दोघांनी सगळ्या पिशव्या उचलून ओटीवर मांडल्या, ओळींच्या जागा बदलल्या. डोळ्याची पट्टी सुटल्यावर बघते, तर एक ओळ तरारलेली आणि दुसरीची देठं मातीलगत कुजून आडवी. पाणी जास्त झालेलं.

जयवंत म्हणाला, "आये, मेलेली माझी."

सुहासिनी म्हणाली, "खोटं बोलतो दादा. ती माझी."

चांगल्यावर हक्क सांगणारी भावंडं मी पुष्कळ पाहिली. मेलेल्यावर भांडणारी ही माझ्याच पोटी.

"तुला नर्सरी नको का रे?"

"तसं नाही, आये."

"मग हवी?"

"तसंपण नाही."

सुहासिनीला विचारलं तर ती रडायलाच लागली. का गं, म्हटलं, तर म्हणे कांदा. हातात मेथी होती.

तेव्हापासून मला काही कळत नाही. जयवंतला फ्लॅट सोडवत नसेल. किंवा बहिणीच्या सासरी धड खिडकी नाही, तिला इथे मोकळं मिळावं असं त्याच्या मनात असेल. सुहासिनीला चिखल नको असेल. किंवा दादा निवृत्त होऊन परत येईल म्हणून ती त्याची जागा राखत असेल. सकाळी एक खरं वाटतं, जेवल्यावर दुसरं. शेजारच्या बळीरामला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, पपईचं झाड नर की मादी तेपण फुलाशिवाय कळत नाय." फूल येईपर्यंत मी बसणार आहे का?

५. म्हणून नर्सरी दोघांना, वाटणी न करता. विकायची झाली तर आधी ओटीवर समोरासमोर बसून कोणती ओळ कोणाची होती ते एकमेकांना खरं सांगावं. ब्रिटनी म्हणते, "आजी, हे कोर्टात टिकणार नाही." मी कोर्टाला कुठे सांगते? पोरांना सांगते.

खरोखरच नको असेल तर विका. रुसायला मी नसेन. पण एकमेकांसाठी सोडत असाल तर, गाढवांनो, दोघं मिळून ठेवा. आणि भांडायचं ते तिथेच भांडा.

वरचं सगळं ब्रिटनीने मला वाचून दाखवलं. मी बोलले तेच आहे.

डाव्या हाताचा अंगठा: द्वारकाबाई सोनू म्हात्रे

आमच्यासमोर अंगठा केला, साक्षीदार:
बळीराम नाईक, वटार (सही)
रोझमेरी डाबरे, वटार (सही)

ठिकाण: वटार
दिनांक: ६ मे २०२५