कबरीचा पाय

८ फेब्रुवारी १९९९, सकाळ
कबरीचा पाय मोडला. मी मोडलेला नाही, हे आधी लिहून ठेवते. भूकंपाच्या पहाटे ह्यांनी मला हलवून अंगणात ओढलं होतं. आता हे नाहीत, उठवणार कोण? म्हणून शेजारच्या अख्तरीकडून ही कोंबडी आणली. कोंबडीला हादरा आधी कळतो म्हणतात. रात्री पलंगाशी बांधते. आज पहाटे खडीचा ट्रक गेला, ती ओरडली, मी खाली उडी टाकली. ती नेमकी तिथंच. चूक दोघींची. जास्त तिची.

दुपार
अख्तरीनं विचारलं, काय झालं? तोंडातून निघून गेलं, मांजर. ती म्हणाली, मांजर पाय कशाला धरंल भाभी, मान धरतंय. मी म्हटलं, अर्धवट मांजर असेल. गल्लीत मांजर एकच आहे आणि ते अख्तरीचं, हे मागाहून आठवलं. उद्या खरं सांगणार.

९ फेब्रुवारी
ह्यांच्या कपाटातलं प्रथमोपचाराचं पुस्तक वाचून काढलं. कोंबडीचं प्रकरण नाही. माणसाचा पाय घेतला. कुल्फीच्या काड्या, ह्यांच्या धोतराची पट्टी, हळद. झकास बांधला. वरच्या खोलीतली भाडेकरू मनस्विनी कोचिंगला जाते, डॉक्टर होणार आहे. तिला दाखवलं. म्हणाली, काकू, कोंबडी सिलॅबसमध्ये नाही. जिना चढता चढता म्हणाली, पण मोडलेला पाय दुसरा आहे.

१० फेब्रुवारी
दुसरा बांधला. पहिला सोडायचा राहिला. कबरी दिवसभर बाटलीसारखी आडवी.
अख्तरीनं मांजर पिशवीत घातलं आणि मुखेडला भावाकडं सोडून आली. जाताना लई ओरडत होतं. मी सांगायलाच फाटकापर्यंत गेले होते. पण तिची एस.टी. चुकली असती.

१२ फेब्रुवारी
दाणा नाही, पाणी नाही. मान टाकली. अख्तरी म्हणाली, तडफडून राहिली भाभी, सुरी फिरवू का? मी ओरडले, हात लावू नको.
मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजलं. ह्यांनाही शेवटी असंच पाजत होते. ह्यावर जास्त लिहायचं नाही.
उद्या नक्की सांगणार.

१३ फेब्रुवारी
आज शनिवार. शनिवारी अशा गोष्टी बोलू नयेत असं कुठंतरी वाचलंय.

२८ फेब्रुवारी
कबरी उठली! लंगडत का होईना, ज्वारी टिपली. सगळं पुस्तकामुळं. मनस्विनी म्हणते, पट्ट्या गळून पडल्या तेव्हापासून सुधारली. वाचणाऱ्या बाईला लोक नावं ठेवणारच.

३ मार्च
मांजराचा विचार करून जेवण जाईना. शेवटी मन मोठं केलं. अख्तरीला म्हटलं, जाऊ दे, मुकं जनावर, मी माफ केलं त्याला. घेऊन ये.

७ मार्च
मांजर आलं. अख्तरीनं ते मुद्दाम कबरीपुढं सोडलं. मनस्विनी पुस्तक मिटून जिन्यात उभी. कबरी मांजराच्या शेपटीशी जाऊन बसली आणि डोळे मिटले.
मी ज्वारीची वाटी घेऊन ओट्यावरून खाली पाय ठेवला. कबरीनं गल्ली गोळा होईल असा कालवा केला आणि लंगडत अख्तरीच्या मागं लपली.
अख्तरी माझ्या पायांकडं बघत राहिली. मग म्हणाली, हादरा लवकर कळतोय हां भाभी हिला.
उद्या सांगणारच होते.