मागून धरलं तर

१४ नोव्हेंबर

सालेकसा. कॉलेजात मुलींपुढे भाषण. मंडप भरलेला. चांगलं रंगलं. 'भीती आपल्याला शिकवली गेली आहे, आणि शिकवलेलं विसरता येतं' इथे टाळ्या आल्या. शेवटी नेहमीसारखं म्हटलं, प्रश्न विचारा. कुणी विचारत नाही, हेही नेहमीचं. आज चौथ्या रांगेतली एक उठली. लाल स्वेटर.

"मॅडम, मागून कोनी धरलं तर काय कराचं?"

धैर्यावर बोलले. आवाजाच्या ताकदीवर बोलले. समाजाच्या मौनावर बोलले. सात-आठ मिनिटं तरी गेली असतील. ती उभीच. मग म्हणाली, "हो मॅडम. पन हात कसा सोडवाचा?"

मुली हसल्या. मीही हसले. आणि माईकवरून सगळ्यांसमोर बोलून बसले : फेब्रुवारीत परत येते आणि करून दाखवते.

वीस वर्षं व्यासपीठावर आहे. मंत्र्यांना गप्प केलंय. या पोरीला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

१६ नोव्हेंबर

ज्या ग्रंथालयाची मी ग्रंथपाल, तिथे स्वसंरक्षणावर तीन पुस्तकं. एकात नुसती चित्रं, दुसऱ्यात मिरचीपूड, तिसऱ्यात सदाचार. तिन्ही जागेवर ठेवली.

मोबाइलवर शोधलं. ब्राझिलियन जिउ-जित्सू. जमिनीवरची कुस्तीच, पण हिच्यात पाठ लावण्यापेक्षा समोरच्याची पाठ मिळवण्याला मान. पाठीमागे जाऊन बसायचं, हातापायांनी बांधायचं, मग गळा. शिकवणारा एक टकला माणूस, शांत, इंग्रजी भराभर. याच विषयाचे त्याचे एकवीस व्हिडिओ. पाच पाहिले. दोन वेळा उठून खोलीत येरझारा घातल्या.

गळा म्हणजे माझं पोटापाण्याचं नसलं तरी जगण्याचं साधन. आणि मी तोच आवळायला द्यायला निघाले आहे.

२३ नोव्हेंबर

व्हिडिओ बघून हात सुटत नाही, धरणारं माणूस लागतं. ग्रंथालयातल्या दोघींना विचारलं, हसल्या. शेवटी कांता, या वहीत यापुढे नुसती 'का.' माझी धाकटी जाऊ. अकरा वर्षं एका घरात.

"मले काऊन?"

"तुझे पाय बघ. माझे बघ."

"रोवणी करून करून झाले ते ताई. तुमचे पुस्तकं वाचून झाले."

गोंदियाला लागून कुडव्यातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर तणीस पसरली, यंदाच्या धानाचा ताजा पेंढा. वर ताडपत्री, चारी बाजूंना विटा. झाली गादी. अंगाला खाज सुटते ती सुटते. दुपारी चारची वेळ ठरली, का. शेतावरून आली की. आज नुसतं बसणं, पडणं, उठणं. खालून माझ्या नवऱ्याचा, सुरेशचा आवाज : "वर धान मळून राहिल्या का तुमी दोघी?"

हसायलाही दम नव्हता.

३० नोव्हेंबर

आजचा धडा पायांचा. मागे बसलेल्यानं आपले दोन्ही पाय पुढच्याच्या मांड्यांच्या आतून आकड्यासारखे अडकवायचे. टकला त्यांना हुक म्हणतो. हुक नसेल तर पाठ मिळूनही उपयोग नाही.

का.चा पाय माझ्या मांडीला लागला की ती सगळं सोडते, माझ्या गुडघ्याला हात लावते, तो कपाळाला लावते, आणि पुन्हा सुरुवात. किती वेळा झालं मोजलं नाही. शेवटी मी भडकले. पाय अपवित्र कुणी ठरवले, कुणाच्या सोयीसाठी ठरवले, सगळं बोलले. ताडपत्रीवर मांडी घालून.

"बरोबर आहे ताई."

पुन्हा बसलो. पाय लागला. हात कपाळाला.

तोडगा तिनंच काढला. खाली जाऊन दिराचे मोजे घालून आली. "आता चालन." मोजे काळे, टाचेला भोक.

९ डिसेंबर

पकड शिकलो. एक हात खांद्यावरून, एक काखेतून, छातीवर दोन्ही जुळवायचे. टकला याला सीटबेल्ट म्हणतो. का. मागून हसायला लागली.

"काय झालं?"

"तुमाले जानवं घातलं मी ताई."

मीही हसले. जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोलले ते असं अंगावर आलं.

सुटायचं तंत्र : दोन्ही हातांनी गळ्याकडचा एकच हात धरायचा, हनुवटी आत, काखेतल्या हाताच्या बाजूला पाठ जमिनीला टेकवायची आणि कंबर सरकवायची. चार वेळा केलं, चारही वेळा सुटले. अंगात काहीतरी सळसळतंय. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कंबर सरकवत होते, दूध उतू गेलं.

२१ डिसेंबर

आज दहापैकी दहा. का.चे पाय एवढे दणकट, तरी सुटते. म्हणजे टकल्याचं म्हणणं खरं, ताकदीपेक्षा कोन महत्त्वाचा. यावर एक वेगळं भाषण होईल. टिपणं काढली : शरीर हेही वाचायचं पुस्तक आहे.

सालेकशाच्या प्राचार्यांना फोन केला. ७ फेब्रुवारी, शनिवार. "प्रात्यक्षिकासह ना मॅडम?" "प्रात्यक्षिकच," म्हटलं.

२८ डिसेंबर

माझा कोन बरोबर पडतो का बघायला विटेला मोबाइल टेकवून शूटिंग केलं. संध्याकाळी पाहिलं.

मी हलण्याच्या आधी का.ची बोटं उघडतात.

पुन्हा पाहिलं. थांबवून थांबवून. मी फक्त श्वास घेते, जोर लावणार असं दिसतं, आणि तिची पकड सुटलेली असते. नंतर मी मोठ्या आवेशात कंबर सरकवते. कुणीच धरलेलं नसताना. दहाच्या दहा वेळा.

जेवले नाही.

२९ डिसेंबर

सकाळीच गाठलं. ती भाजी निवडत होती.

"तू सोडतेस?"

"हो."

"का?"

"तुमी मोठ्या आहा न."

"मी तुला सोडायला सांगितलं होतं?"

"सांगा लागते का?" मान वर न करता. "बोलण्यात बी तसंच करतो न मी. तुमी बोलाले लागल्या का मी 'बरोबर आहे ताई' म्हणतो. झालं. भाजी जळत नाई."

एवढं बोलून ती मेथी धुवायला गेली.

अकरा वर्षं मला वाटत होतं की या घरात निदान एक माणूस माझं म्हणणं पटवून घेतं.

दुपारी आठवलं. ती आली त्या वर्षी नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव लागलं होतं. मी तासभर बोलले होते, आधी पदवी घे, पाया पक्का कर. 'बरोबर आहे ताई.' पदवी झाली नाही. नर्सिंग तर राहिलंच. आम्ही दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

१ जानेवारी

तिला म्हटलं, खरं धर.

"खरंच?"

"खरंच."

"मंग मोजे काढतो. घसरतेत."

धरलं. हे वेगळंच होतं. ज्या बाईला मी सव्वा महिना, नव्हे, अकरा वर्षं ओळखत होते ती ही नव्हती. कान माझ्या कानाला लागलेला, श्वास संथ. हनुवटी आत घेईपर्यंत तिचा हात आत गेलेला. हरलं की हातानं थोपटायचं, म्हणजे टॅप, समोरच्यानं तत्काळ सोडायचं, हे टकला प्रत्येक व्हिडिओत पहिल्यांदा सांगतो. मला माहीत होतं. पण मी थोपटलं नाही. मी 'थांब' म्हणायला गेले. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. आणि का. माझ्या शब्दाची वाट बघत राहिली.

पुढचं तिच्याकडून कळलं. मी सैल पडले, तिनं सोडून आडवं केलं, पाय वर धरले. पाच-सहा सेकंद. डोळे उघडताच मी म्हणाले म्हणे, "आणि म्हणून मैत्रिणींनो..."

ती रडत होती. मला हसू येत होतं.

३ जानेवारी

डॉक्टरांनी गळा तपासला, बरा आहे, आठवडाभर गळ्याला धक्का नको. घरी कपडे वाळवायच्या तारेला लागलं असं सांगितलंय. घरात तशी तारच नाही, हे सुरेशच्या लक्षात आलं नाही.

आज आमगावला भाषण होतं. आवाज घोगरा. लोकांना वाटलं मी भारावलेय. टाळ्या जास्तच. परतताना स्कूटी दोनदा थांबवली, उगीच. गिळलं की अजून दुखतं.

का. वर यायला तयार नाही. "मी नाई धरत आता तुमाले. काही झालं असतं मंग? भाऊजी काय म्हनले असते?"

सोप्पं आहे. तिला म्हणायचं, पहिल्यासारखं सैल धर. सालेकशाला दहापैकी दहा वेळा सुटेन. मुली टाळ्या वाजवतील. कुणाला कळणार आहे?

लाल स्वेटर घरी जाईल आणि ते तसंच करायला जाईल.

१२ जानेवारी

तिला माझी बाजू पटवायला बसले होते. दोन मुद्दे झाले, तिसऱ्याला ती म्हणाली, "तुमी बोलू नोका. मी सांगतो."

तिची अट : आधी टॅप शिकायचा. धरायच्या आधीच. ती नुसता हात गळ्याभोवती ठेवणार, आवळणार नाही, मी थोपटायचं. तोंडानं एक शब्द नाही. वीस वेळा.

ताडपत्रीवर बसून वीस वेळा हार मान्य केली. एवढं अवघड काम अलीकडे केलेलं नाही. सहाव्या-सातव्यापर्यंत हात उचलतच नव्हता, म्हणजे उचलत होते पण उशिरा. ती मागून : "लवकर. अजून लवकर. तुमी विचार करून राहिल्या."

२५ जानेवारी

खरी पकड, नऊ वेळा. दोनदा सुटले. सात वेळा थोपटलं. पाय लागतो, ती आता कपाळाला हात नेत नाही. बहुतेक विसरलीय. मी मुद्दाम आठवण करून दिली नाही.

जी दोनदा सुटले ती गळ्यात हात पोचण्याआधी. पोचला की संपलं. हे टकल्यानं सतराव्या व्हिडिओत सांगितलंय, मी तो घाईत पाहिला होता.

खाली उतरताना तिला म्हटलं, नर्सिंगचं माझं चुकलं. ती पायऱ्या उतरत राहिली. खाली पोचल्यावर म्हणाली, "माहीत आहे."

६ फेब्रुवारी

उद्या. दोनदा भाषण लिहिलं, दोनदा फाडलं. का. इस्त्री करते आहे, तिचा आणि माझा, दोन्ही पंजाबी ड्रेस. मध्येच विचारलं, "उद्या कसं धरू? खरं का तसं?"

"खरं."

"नाई सुटल्या तर?"

७ फेब्रुवारी

पॅसेंजरमध्ये लिहिते आहे. परतीची. कचारगडची गोंडांची यात्रा संपली तरी डब्यात अजून पिवळे झेंडे दिसतात. अक्षर हलतं.

सतरंजीवर केलं. खरं धरलं तिनं. सुटले नाही. थोपटलं. पुन्हा केलं, पुन्हा थोपटलं. तिसऱ्यांदा हात आत यायच्या आधी मनगट मिळालं, सुटले. माईकवर म्हटलं, तीनपैकी एक, मला एवढंच येतं, आणि हेही हिनं शिकवलं. टाळ्या झाल्या. मुलींना बहुतेक तो सगळा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

लाल स्वेटरवाली आज निळ्या ओढणीत. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मंडपामागे गाठलं मला.

"मॅडम, तुमी दोनदा नाई सुटल्या न?"

"नाही."

"खरंच नाई सुटल्या?"

"खरंच."

तिनं मान हलवली. "बरं झालं."

"काऊन?" माझ्या तोंडून तसंच आलं, काऊन.

"मले वाटलं, मलेच नाई जमलं."

मी काही बोलायला हवं होतं. तेवढ्यात प्राचार्यांनी सत्काराला ओढलं. शाल, श्रीफळ, फोटो. वळून पाहिलं तर नळापाशी ती आणि का. बसलेल्या. ती बोलत होती, का. ऐकत होती. वीस मिनिटं तरी. मी जवळ गेले तेव्हा पोरगी उठून चालू लागली.

गाडीत बसल्यापासून का.ला विचारते आहे, कोण होता तो? केव्हा? घरात माहीत आहे का? एकदा झालं की चालूच आहे? तक्रार करायला हवी, मी सोबत जाईन, ठाण्यात मला ओळखतात, आजच फोन करते. का. म्हणते, "तिनं मले सांगतलं ताई. तुमाले नाई. जवा म्हनन तवा पाहू. तिच्यापाशी माहा नंबर आहे."

आमगाव गेलं. सगळे मुद्दे मांडून झाले. मौन कुणाच्या फायद्याचं असतं, उशीर झाला की काय होतं, सगळं. एकही मुद्दा चुकीचा नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं 'बरोबर आहे ताई' म्हटलेलं नाही. खिडकीबाहेर बघत बसली आहे. आत्ता एकदाच वळली आणि माझ्या वहीवर हात ठेवून म्हणाली,

"ताई, टॅप करा आता."

गोंदिया येतंय. अजून केलेलं नाही.