मार लागल्याचं आठवत नाही

११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे आई ठीक आहे. दुपारी रेडिओ लावून झोपते आणि बंद केला की लगेच जागी होते.

एक सल्ला हवा होता. तू लहान मुलांचा डॉक्टर, ठाऊक आहे; पण मी तुझ्यापेक्षा लहानच की. उजव्या मांडीत पुढच्या बाजूला, आत खोलवर गाठ आली आहे. वरून दिसत नाही, दाबलं की कळते. ड्युटीवर बसचा ब्रेक मारताना पाय भरून येतो. डेपोच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला. रिपोर्ट म्हणतो, 'स्नायूत गाठ, कारण स्पष्ट नाही.' एवढं तर मलाही माहीत होतं.

एक सर्जन म्हणतात, सुईने तुकडा काढून तपासू. दुसरे म्हणतात, वाट कशाला बघायची, काढूनच टाकू. बरोबर थोडा स्नायूही जाईल. "थोडा म्हणजे किती?" विचारलं तर त्यांनी फाइल मिटली. स्नायू गेला की बस गेली. कोणाचं ऐकू?

मार लागला होता का, असं सगळेच विचारतात. तसं काही आठवत नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही फोनवर बोलू नकोस.

तुझी,
धाकटी

१४ एप्रिल

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मार लागला होता का, हे तू पत्रात दोनदा विचारलंस, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून. तेव्हाच ओळखलं, तुला संशय आलाय.

तू सुचवलेल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. शेजारीण गावाला गेली होती, म्हणून आईलाही बरोबर न्यावं लागलं. बाईंनी स्कॅनचे फोटो बघितले आणि तोच प्रश्न विचारला.

"नाही," मी म्हटलं.

मागच्या खुर्चीतून आई म्हणाली, "खोटं बोलतेय. मी पडले हिच्या अंगावर."

आता बाकीचं माझ्याकडूनच ऐक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आई बाथरूममध्ये घसरली. मी धरायला गेले आणि दोघी कट्ट्यावर आदळलो. तिला खरचटलंसुद्धा नाही. कट्ट्याची कड माझ्या मांडीत घुसली, वर तिचा भार. मांडी काळीनिळी झाली.

तुला कळवलं नाही. मागच्या वेळी ती पडली आणि तू आलास, तेव्हा म्हणाला होतास, "आता एकदा जरी पडली, तर मी येऊन तिला वृद्धाश्रमात ठेवणार." काळजीपोटीच बोललास. पण ती दाराआडून ऐकत होती. तेव्हापासून जरा तोल गेला की आधी माझ्याकडे बघते, मी पाहिलं का म्हणून. त्या दिवशी ओल्या फरशीवर बसल्याबसल्याच म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं." तुला सांगायचं नाही, म्हणून मग कोणालाच नाही. डॉक्टरांसमोरही तोंडातून तेच गेलं, आणि एकदा गेल्यावर मागे घेता येईना.

बाई मला रागावल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "आजी, तुम्ही हिचा पाय वाचवलात."

"आधी मीच घालवायला निघाले होते," आई म्हणाली.

मुक्या माराने आत रक्त साकळलं की कधीकधी स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं म्हणे. ते कोवळं असताना तुकडा तपासला, तर भलताच आजार वाटू शकतो. म्हणून सुई नको, थांबू या, असं त्या म्हणाल्या. परवा दोघी पुन्हा गेलो, एक्स-रे काढला. गाठीभोवती हाडाची कड नीट धरली आहे. म्हणजे कॅन्सर नाही. कापायचंही काही नाही. बाईंच्या दारातच मला रडू फुटलं, आणि आई मलाच म्हणाली, "हळू चाल, पडशील."

सध्या बस बंद. डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली.

पुढचं तू ठरव, असं लिहिणार होते. नाही लिहीत. आई इथेच राहील. एक तुला माहीत नसेल: खुर्ची शेजारी असते, तरी तुझा फोन आला की ती उभी राहून बोलते. बसून बोललं की आवाज थकल्यासारखा येतो, असं तिला वाटतं.

सुट्टी काढून ये. न्यायला नको, भेटायला ये. मी वाट बघतेच आहे. आईनेही बघावी, असा ये.

तुझी,
धाकटी