ताबा माझा

आदरणीय कॅप्टन ओग्नियान,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही ते बुर्गासमधल्या सगळ्या दोस्तांना मोठ्यानं वाचून दाखवाल.

आपली विमान कंपनी बंद पडली तेव्हा तुम्ही विमानं उडवायला आखातात गेलात आणि मी आजारी आईपाशी राहून व्हार्नात ट्रॉलीबस चालवायला लागलो. काल इतक्या वर्षांनी भेटलो. गाडी तुमच्या हातात, मी पूर्वी सहवैमानिक म्हणून बसायचो तसाच तुमच्या उजवीकडे.

"झिव्को, खरं सांग, विमान सोडल्याचा पस्तावा होतो का रे?"

"छे हो! बसला निदान ढग तरी लागत नाहीत."

तुम्ही हसून माझ्याकडे बघितलंत आणि नेमका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. विमान आपल्या हाती घेताना म्हणायचो तेच माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघालं, "ताबा माझा!" तुम्हीही "ताबा तुझा" म्हणत दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचललेत.

माझ्यापुढे कुठलं आलंय स्टिअरिंग! आडवा होऊन तुमचंच धरलं आणि आपण सूर्यफुलांच्या शेतात जाऊन थांबलो.

"गाढवा, ही मोटार आहे!"

"मग तुम्ही हात का सोडलेत?"

मग दोघंही पोट धरून हसलो.

कॅप्टन, मी खोटं बोललो. पस्तावा होतो, रोज डेपोतून बस काढताना होतो. वाटायचं, आपण वैमानिक होतो हे आता आपल्याशिवाय कुणाच्या लक्षातही नसेल.

काल तुम्ही समोर काय आहे हे बघायच्याही आधी हात सोडलेत.

तुमच्या उजवीकडचा,
झिव्को